कायद्याच्या करिअर मेळाव्याला जाताना



दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या कार्यालयात एकच प्रश्न दिवसभर ऐकू येतो : "सर, आता पुढे काय?" विज्ञान शाखा, डिप्लोमा, नर्सिंग, आयटीआय ही उत्तरे सर्वांना पाठ असतात. कायद्याचे शिक्षण हे उत्तर मात्र फार कमी जणांच्या तोंडी येते. वास्तविक आपल्या भागात कोर्टाशी संबंध नसलेली घरे थोडी. कुणाच्या शेताच्या पहाणीत नाव चढायचे राहिलेले असते, कुणाचा भावाभावांचा वाटणीचा दावा चालू असतो, कुणाच्या लेकीच्या पोटगीचे प्रकरण असते. वकिलाच्या पायऱ्या आपण पिढ्यान्‌पिढ्या चढतो, पण आपले मूल त्या खुर्चीत बसू शकेल असा विचार सहसा करीत नाही. म्हणून या अंकात आम्ही कायद्याच्या करिअर मेळाव्याचा पुरेपूर उपयोग कसा करून घ्यावा, याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम आमची चूक

दोन वर्षांपूर्वी आम्ही २६ विद्यार्थ्यांना व काही पालकांना घेऊन एका मोठ्या शहरातील शिक्षण मेळाव्याला गेलो होतो. सभागृह मोठे, गर्दी भरपूर. तेथे कायद्याच्या शिक्षणाचेही काही स्टॉल होते. संध्याकाळी मुले बसमध्ये चढली तेव्हा प्रत्येकाच्या हातात रंगीत पिशवी, पिशवीत दहा-बारा माहितीपत्रके आणि एखादे फुकटचे पेन होते. वाटेत आम्ही सहज विचारले, "बारावीनंतर कायद्याचा अभ्यासक्रम किती वर्षांचा असतो?" बरोबर उत्तर फक्त तिघांना देता आले.

दोन गोष्टी मात्र मनाला फार लागल्या. वकील व्हायचे असे सातवीपासून सांगणारी आपली एक विद्यार्थिनी एका स्टॉलपाशी दहा मिनिटे उभी राहिली आणि एक शब्दही न बोलता परत आली. समोरची व्यक्ती इंग्रजीत बोलत होती, एवढेच कारण. दुसरी गोष्ट अधिक वाईट. एका पालकांनी 'आज जागा पक्की केली तर फीमध्ये सवलत' या बोलण्यावर विश्वास ठेवून एका स्टॉलवर १०,००० रुपये भरले. तूर विकून घरात आलेले ते पैसे होते. पुढे चौकशी केली तेव्हा सांगितलेल्या गोष्टी व प्रत्यक्ष परिस्थिती यांत मेळ बसेना. मुलाचा प्रवेश तेथे झाला नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत.

दोष त्या पालकांचा नव्हता, त्या मुलीचाही नव्हता. मुलांना कोणतीही तयारी न करविता आम्ही घेऊन गेलो, हा दोष आमचा होता. पेरणीपूर्वी मशागत लागते हे खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. आम्ही मात्र मशागत न करताच पेरायला निघालो होतो. पुढील मजकूर त्या अनुभवातून लिहिला आहे.

मेळाव्यात कोण कोण असते?

इंग्लंडमधील विद्यापीठांत दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी 'लॉ फेअर' भरतात. वकिलांच्या मोठमोठ्या फर्म तेथे येतात आणि कायदा शिकणारी मुले त्यांच्याशी बोलून पुढील उमेदवारीची माहिती घेतात. आपल्याकडे शाळकरी मुलांना उपयोगी पडतात ते सर्वसाधारण शिक्षण मेळावे. 'लोकमत'च्या 'अ‍ॅस्पायर' मेळाव्यासारखे काही मेळावे वृत्तपत्रेच भरवतात. अशा ठिकाणी कायद्याचे दोन-चार स्टॉल असतात.

या स्टॉलवर तीन प्रकारची माणसे भेटतात. पहिली, कायदा महाविद्यालयाची किंवा विद्यापीठाची. त्यांना विद्यार्थी हवे असतात. दुसरी, प्रवेश परीक्षेची शिकवणी घेणारी. त्यांना शिकवणीची फी हवी असते. तिसरी, प्रत्यक्ष वकिली करणारी किंवा कायदा शिकत असलेली. त्यांना तुमच्याकडून सहसा काही नको असते. पहिल्या दोन प्रकारच्या लोकांचे बोलणे खोटेच असते असे मुळीच नव्हे. पण जो बोलतो आहे तो कोणत्या कामासाठी तेथे बसला आहे, हे ओळखून त्याचे बोलणे ऐकावे. सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या प्रकारच्या माणसांना द्यावा.

मेळावा कुणासाठी?

आपल्या महामार्गावरचेच सोलापूर घ्या. न्यायमूर्ती उदय लळीत यांचा जन्म सोलापूरचा आणि शिक्षण तेथील हरिभाई देवकरण प्रशालेत झाले. २०२२ साली ते भारताचे सरन्यायाधीश झाले. आपल्याच वाटेवरच्या गावातील मराठी माणूस त्या पदावर बसला, याचा आनंद आपल्याला व्हायलाच हवा. मात्र हेही ध्यानात घ्यावे की त्यांचे आजोबा सोलापुरात वकिली करीत होते आणि वडील मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. अशा घरातील मुलाला कोर्ट म्हणजे काय, वकिलीची सुरुवात कशी करावी, कुणाच्या हाताखाली शिकावे, हे जेवताना ऐकूनच कळते. आपल्या मुलांना हे घरात ऐकायला मिळत नाही. त्यांना ते बाहेर जाऊन विचारावे लागते. तेव्हा ज्यांच्या घरी वकिली नाही, त्यांच्यासाठीच मेळावा जास्त उपयोगाचा आहे.

घरात वकिली नसली म्हणजे वाट बंद असेही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सैन्यात सुभेदार होते. बाबासाहेबांनी लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टरी केली आणि पुढे १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. आपल्या जुन्या निजामी मुलखातील केशवराव कोरटकर हे मराठवाड्यातील खेड्यातून आले. त्यांनी गुलबर्ग्यात वकिली केली, पुढे हैदराबादला नाव मिळवले आणि तेथील उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही झाले. हैदराबादची विवेकवर्धिनी व गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय या शाळांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. एक मुलगा वकील झाला की त्याचा लाभ केवळ त्याच्या घरापुरता राहत नाही, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरे.

जाण्यापूर्वी एवढे माहीत असावे

मेळाव्यात जाऊन 'वकील कसे होतात?' असा प्रश्न विचारणारा मुलगा तेथील माहितीपत्रक घेऊन परततो. ज्याला मूलभूत गोष्टी आधीच माहीत आहेत, तो त्याच्यापुढचे प्रश्न विचारतो. म्हणून पुढील गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात.

कायद्याच्या पदवीला दोन वाटा आहेत. बारावी म्हणजे पीयूसी द्वितीय वर्षानंतर ५ वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम, किंवा कोणत्याही पदवीनंतर ३ वर्षांचा अभ्यासक्रम. कला, वाणिज्य, विज्ञान यांपैकी कोणतीही शाखा चालते. सर्वसाधारण विद्यार्थ्याला किमान ४५ टक्के व अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ४० टक्के गुण लागतात. पत्राद्वारे किंवा घरबसल्या एल.एल.बी. करता येत नाही. तसे कुणी सांगितल्यास तो स्टॉल सोडून पुढे जावे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी 'क्लॅट' ही परीक्षा २००८ पासून घेतली जाते. ती साधारण डिसेंबर महिन्यात होते आणि इंग्रजीतच असते. अलीकडे २ तासांत १२० प्रश्न असतात व चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, सामान्य तर्क व प्राथमिक गणित असे ५ भाग असतात. बेंगळुरूचे नॅशनल लॉ स्कूल व हैदराबादचे नालसार ही विद्यापीठे याच परीक्षेतून प्रवेश देतात.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी त्या राज्याची विधी सीईटी असते. या परीक्षेचा पेपर इंग्रजीबरोबर मराठीतही असतो आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. पुण्याचे आय.एल.एस., मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, लातूरचे दयानंद विधी महाविद्यालय ही या बाजूची परिचित नावे.

कर्नाटकातील बहुतेक कायदा महाविद्यालये २००९ मध्ये स्थापन झालेल्या हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाला जोडलेली आहेत. येथे साधारणतः पात्रता परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो. आपल्याला जवळचे म्हणजे कलबुर्गीचे शेठ शंकरलाल लाहोटी विधी महाविद्यालय.

पदवी मिळाली म्हणजे लगेच वकील होत नाही. राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे लागते व अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणीसाठी काही ठिकाणी हजारो रुपये घेतले जात होते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ मध्ये ठरविलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपये यांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. गरीब पालकांना या निर्णयाने मोठा दिलासा मिळाला आहे.

न्यायाधीश व्हायचे असेल त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पदवी हाती पडताच दिवाणी न्यायाधीशाची परीक्षा देण्याची मोकळीक होती. २० मे २०२५ च्या निर्णयाने सर्वोच्च न्यायालयाने किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्यामुळे 'पाच वर्षांत थेट जज्ज' असे आश्वासन कुणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

स्टॉलवर काय विचारावे?

प्रश्न वहीत लिहून न्यावेत. उत्तर तेथेच, उभ्याउभ्या टिपून घ्यावे. एका पानावर एकच महाविद्यालय असावे. आम्ही विद्यार्थ्यांसाठी पुढील प्रश्न तयार केले आहेत.

१. आपल्या महाविद्यालयाला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे का, आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे? पत्र पाहता येईल का?

२. पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळते?

३. पाचही वर्षांचा एकूण खर्च किती? शिकवणी फी, परीक्षा फी, वसतिगृह, मेस, अनामत हे सर्व वेगवेगळे सांगाल का?

४. वर्गात शिकविण्याची भाषा कोणती? परीक्षा कोणत्या भाषेत लिहिता येते?

५. मराठी, कन्नड किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी इंग्रजीचा वेगळा वर्ग आहे का?

६. अभिरूप न्यायालय, म्हणजे मूट कोर्ट, वर्षातून किती वेळा होते? त्यात प्रत्येक विद्यार्थ्याला संधी मिळते की निवडक मुलांनाच?

७. विद्यार्थ्यांना कोर्टात व वकिलांकडे उमेदवारीसाठी कोण पाठवते, की मुलांनी स्वतःच शोधायचे?

८. गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज काय करीत आहेत? त्यांच्यापैकी एखाद्याशी बोलता येईल का?

९. आमच्याकडे ३७१ (जे) चा दाखला आहे. आपल्या महाविद्यालयात त्याचा लाभ मिळतो का?

१०. प्रवेश रद्द केल्यास फी परत मिळण्याचा नियम लेखी मिळेल का?

नवव्या प्रश्नाविषयी थोडे अधिक. संविधानातील ३७१ (जे) हे कलम २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने आले. त्यानुसार बीदर, कलबुर्गी आदी जिल्ह्यांतील स्थानिकांना शिक्षणात व नोकरीत राखीव जागा मिळतात. हा दाखला आपल्या पुष्कळ घरांत काढून ठेवलेला असतो, पण वेळेवर कुणी दाखवीत नाही. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकात किमान १० वर्षे शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे आरक्षण आहे. आपली मराठी माध्यमाची शाळाही कर्नाटकातलीच, हे विसरू नये. महाराष्ट्र शासन सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी काही अभ्यासक्रमांत सवलत ठेवते. महाराष्ट्रातील स्टॉलवर 'कायद्याच्या अभ्यासक्रमाला ती लागू आहे का, आमचे गाव त्या यादीत येते का?' हे जरूर विचारावे. तोंडी होकारावर न थांबता नियमाची प्रत मागावी.

आठवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. चांगल्या महाविद्यालयाला आपल्या माजी विद्यार्थ्यांचे नाव सांगायला संकोच वाटत नाही. उत्तर टाळले गेले तर वहीत तसे लिहून ठेवावे.

बोलायचे कसे?

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. पदवीनंतर आम्हालाही कायदा शिकावासा वाटला होता. एका महाविद्यालयाच्या कार्यालयात गेलो, खिडकीतून इंग्रजी अर्ज पुढे आला. त्यातील दोन रकाने समजले नाहीत आणि विचारायची लाज वाटली. अर्ज घडी करून खिशात घातला तो कायमचाच. शिक्षकी पेशात आम्ही समाधानी आहोत. परंतु निर्णय आम्ही घेतला नव्हता, लाजेने घेतला होता, ही खंत आहेच. म्हणून स्टॉलपाशी गप्प उभ्या राहिलेल्या त्या मुलीला आम्ही रागावलो नाही.

मुलांनो, तुमचा परिचय चार वाक्यांत तयार ठेवा. नाव, गाव, इयत्ता आणि कायदा का शिकावासा वाटतो. घरी आरशासमोर किंवा आजीसमोर पाच वेळा म्हणून पाहा. इंग्रजीत जमले तर उत्तम, न जमल्यास "सर, मी हिंदीत किंवा कन्नडमध्ये विचारू का?" असे नम्रपणे विचारा. यात कमीपणा नाही. क्लॅटला आणि उच्च न्यायालयात इंग्रजी लागते, ते शिकावेच लागेल आणि पाच-सहा वर्षांत ते शिकता येते. पण माहिती विचारण्यासाठी इंग्रजीची वाट पाहत बसू नका.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपल्या भागातला मुलगा घरी मराठी, बाजारात कन्नड, बसस्टँडवर हिंदी-उर्दू सहज बोलतो. हे आपल्याला विशेष वाटत नाही, पण वकिलीत हे मोठे भांडवल आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आपला बीदर जिल्हा हैदराबाद संस्थानात, पुढे हैदराबाद राज्यात होता. त्यामुळे जमिनीचे जुने कागद उर्दूत, काही मोडीत आणि आजची पहाणी कन्नडमध्ये असते. हे तिन्ही कागद समजणारा वकील मिळणे सोपे नाही. खालच्या कोर्टाचे काम कन्नडमध्ये चालते, तेव्हा कन्नड लिहिण्या-वाचण्याकडे दुर्लक्ष करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही संगणक प्रणाली वापरायला सुरुवात केली. असे भाषांतर तपासायला दोन भाषा व कायदा दोन्ही जाणणारी माणसे लागतात. मेळाव्यात स्वतःची ओळख करून देताना "मला तीन भाषा येतात" हे वाक्य जरूर घाला.

पालकांसाठी

पालकांनी मुलाबरोबर अवश्य जावे, पण पहिली दहा मिनिटे मुलाला बोलू द्यावे. "आमच्या मुलाला काय कळतंय?" असे त्याच्यादेखत म्हणू नये. ज्याला परक्या माणसापुढे प्रश्न विचारायची सवय आपण लागू देत नाही, त्याने पुढे न्यायाधीशापुढे उभे राहून बोलावे अशी अपेक्षा कशी करणार? पैशाचे प्रश्न मात्र पालकांनीच विचारावेत.

मेळाव्यात त्या दिवशी एक रुपयाही भरू नये. 'आजच्यापुरती सवलत' असे कुणी म्हटल्यास "घरी विचारून कळवतो" एवढेच उत्तर द्यावे. मूळ गुणपत्रिका व दाखले घरीच ठेवावेत, झेरॉक्स न्यावी. मूळ प्रमाणपत्रे कोणत्याही संस्थेने अडकवून ठेवू नयेत व प्रवेश रद्द झाल्यास फी परत करावी, याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम कळविलेले आहेत. पैसे भरायची वेळ येईल तेव्हा संस्थेच्या खात्यावर भरून पावती घ्यावी. प्रत्येक स्टॉलवरच्या वहीत फोन नंबर लिहीत सुटू नये, नाहीतर पुढे महिनाभर फोन थांबत नाहीत.

मुलींच्या पालकांना एक विनंती. 'वकिली मुलींचे काम नाही' असे अजूनही ऐकू येते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी सव्वाशे वर्षांहून आधी ऑक्सफर्डला जाऊन कायद्याचा अभ्यास केला आणि पडद्यातील स्त्रियांची बाजू मांडली. स्त्रीचे दुःख स्त्री वकिलापाशी मोकळेपणाने सांगता येते, हे तेव्हाही खरे होते व आजही आहे.

परत आल्यावर

मेळाव्याचे खरे काम घरी आल्यावर सुरू होते. त्याच रात्री वहीतील पाने पुन्हा वाचावीत आणि अर्धवट राहिलेली उत्तरे आठवून पूर्ण करावीत. तीन दिवसांच्या आत, ज्यांच्याशी नीट बोलणे झाले अशा एक-दोन व्यक्तींना आभाराचा छोटा निरोप पाठवावा. त्यातच राहिलेला एखादा प्रश्न विचारावा. मान्यतेविषयी सांगितलेली माहिती बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या यादीशी ताडून पाहावी. संगणकावर हे कसे पाहायचे ते शाळेच्या कार्यालयात दाखविले जाईल. आठवड्याभरात एक तक्ता करावा : महाविद्यालय, एकूण खर्च, प्रवेशाची रीत, घरापासूनचे अंतर. रंगीत माहितीपत्रकांपेक्षा हा साधा तक्ता निर्णयाला जास्त उपयोगी पडतो.

आणि कायदा आपल्याला नको, असे मेळाव्यानंतर वाटले तर तेही चांगलेच. पाच वर्षांनी कळण्यापेक्षा एका दिवसात कळलेले केव्हाही बरे.

मेळावा लांब असेल तर

प्रत्येकाला मोठ्या शहरात जाणे परवडत नाही. पण हुमनाबादचे कोर्ट आपल्याला जवळ आहे. कोर्टाचे कामकाज साधारणतः उघड्या दालनात चालते आणि शिस्तीने मागे बसून ते पाहता येते. कलबुर्गीला २००८ मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ सुरू झाले व २०१३ मध्ये ते कायम झाले. पूर्वी बेंगळुरूला जावे लागे, ते काम आता दोन-तीन तासांच्या अंतरावर होते. येथील वकिलांसाठी ही मोठी संधी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचे कामकाज २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवले जाऊ लागले, तेही शाळेच्या संगणकावर पाहता येते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. म्हणून ९ नोव्हेंबर हा विधी सेवा दिन पाळतात. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक व गरीब यांना या कायद्याखाली मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. या वर्षीच्या विधी सेवा दिनाला शाळेतच छोटा मेळावा घ्यावा, असे आम्ही ठरविले आहे. तालुका विधी सेवा समितीला, आपल्या भागातील वकिलांना आणि कायदा शिकत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना निमंत्रण देऊ. स्टॉल म्हणजे वर्गातील बाकेच असतील. प्रश्न मात्र मुलांनी तयार करायचे आहेत.

विश्वस्तांना विनंती

विश्वस्त मंडळापुढे आमच्या तीन लहान मागण्या आहेत. पहिली, वर्षातून एकदा नववी-दहावीच्या इच्छुक मुलांना मेळाव्याला नेण्यासाठी बसचा खर्च. दुसरी, ग्रंथालयात भारतीय संविधानाच्या मराठी व कन्नड प्रती आणि रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र. तिसरी, क्लॅटच्या अर्जाची फी सर्वसाधारण विद्यार्थ्याला ४,००० रुपये व अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला ३,५०० रुपये अशी आकारली जात आली आहे. शेतमजुराच्या घरी ही रक्कम लहान नाही. पीयूसीला गेलेल्या आपल्या होतकरू माजी विद्यार्थ्यांपैकी दरवर्षी दोघांची फी शाळेने भरावी. राज्याच्या समाजकल्याण खात्याकडून कायदा पदवीधरांना प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन मिळते, पण तेथपर्यंत पोहोचायला पहिली पायरी चढावी लागते. त्या पायरीवर मुलाचा हात धरणे शाळेला शक्य आहे.

शेवटी त्या मुलीविषयी. गेल्या वर्षी ती वडिलांबरोबर पुन्हा एका मेळाव्याला गेली. या वेळी वही बरोबर होती. सर्व प्रश्न विचारणे जमले नाही, तीनच विचारले. त्यातला एक कन्नडमध्ये. एका स्टॉलवर कायद्याच्या चौथ्या वर्षाला असलेल्या मुलीशी तिचे अर्धा तास बोलणे झाले आणि त्या ताईंना ती अजूनही अधूनमधून फोन करते. सध्या ती पीयूसीला आहे. पुढे ती वकील होईल की नाही, ते आज सांगता येत नाही. पण होणार असेल तर ते तिच्या स्वतःच्या निर्णयाने होईल, आणि नाही झाली तरी लाजेमुळे वाट सुटली असे तिला पन्नाशीत म्हणावे लागणार नाही.

ज्या विद्यार्थ्यांना पुढील मेळाव्याला यायचे आहे, त्यांनी आपले पाच प्रश्न वहीत लिहून शाळेच्या कार्यालयात दाखवावेत. ज्याची वही तयार, त्याची बसमधली जागा पक्की.

– मुख्याध्यापक